वजनावर घेतलेल्या गाभण शेळ्या

सिन्नरच्या पूर्व भागात पाऊस कमी, शेती भरवशाची नाही. आमच्या बचत गटातल्या बायकांना शेळीचाच आधार. गटाचं कर्ज काढून आम्ही एका गोट फार्मवरून उस्मानाबादी शेळ्या आणल्या. भाव जिवंत वजनावर, किलोप्रमाणे. "सगळ्या चार दाती, तीन महिन्यांच्या गाभण, पीपीआरची लस झालेली," असं मालकाने ठासून सांगितलं. पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथीचा रोग. पोटं तट्ट होती, ती हात लावून दाखवली.

घरी आणल्या त्या रात्री शेळ्या पाण्यावरून हलेनात. सकाळी दोघींची पोटं फुगली, लेंडीऐवजी पातळ हगवण, रवंथ बंद. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले तेव्हा खरं कळलं. विकण्याआधी मीठ घातलेला मक्याचा भरडा पोटभर चारतात. तहान लागली की शेळी पाणी पीत राहते आणि काट्यावर दोन-तीन किलो जास्त भरते. पण एरवी पाला-भुसकटावर जगणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम एवढं धान्य गेलं की ते आंबतं, आम्ल वाढतं, जनावर दगावू शकतं. खुराक वाढवायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवावा लागतो. माझ्या जावेची शेळी वाचली नाही. तिचे हप्ते अजून चालूच आहेत.

डॉक्टरांनी उरलेल्यांचे ओठ उचलले. दात झिजलेले, मध्ये फटी, एकीचे तर पडलेले. चार दाती शेळी म्हणजे दोन वर्षांच्या आसपासची. या म्हाताऱ्या होत्या. गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा, म्हणजे दोन महिन्यांत विणायला हव्या होत्या. त्याऐवजी एकेक करून माजावर आल्या, म्हणजे गाभण नव्हत्याच.

सोबत "भेट" म्हणून बोकड दिला होता. तो त्याच कळपातून आणलेल्या आमच्या दोन शेळ्यांचा सख्खा भाऊ निघाला. अशा सख्ख्या नात्यातल्या शेळी-बोकडाचा संकर झाला की करडं कमजोर होतात, मरतुक वाढते. मला सगळ्यात जास्त चीड या भेटीची आली, कारण ते नुकसान पुढच्या पिढीत दिसलं असतं.

बायांनो, वजन सकाळी, चारा-पाणी देण्याआधीच करा. दात स्वतः बघा. गाभण म्हणून जास्त पैसे मागितले तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. बोकड दुसऱ्या गावाहून आणा. नवी जनावरं तीन आठवडे तरी वेगळी बांधा, म्हणजे रोग आला तरी घरच्या कळपात शिरणार नाही.

मालक आता फोन उचलत नाही. आमच्या पावतीवर फक्त वजन आणि रक्कम आहे. वय, गाभण, लस यातलं काहीच नाही, त्यामुळे तक्रारीत दाखवायला हातात पुरावा नाही. तुम्ही शेळीच्या कानातल्या ओळखीच्या 12 आकडी टॅगच्या नंबरासह हे सगळं पावतीवर लिहून घ्या, विकणाऱ्याची सही घ्या आणि मगच पैसे मोजा.