घर घेण्याआधीची तपासणी: एकाच घरासाठी दोनदा फी भरली

आधी फीचंच सांगते, कारण ज्याला त्याला तेच विचारायचं असतं. मी एकाच घराची तपासणी दोन ठिकाणांहून करून घेतली आणि दुसऱ्यांनी पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट घेतले. हा रिव्ह्यू दुसऱ्यांचा आहे, पाचपैकी साडेचार स्टार, आणि ते मनापासून देतेय.

घर तीसेक वर्षांचं, दुमजली, वर स्लॅब. आई-बाबांना तळमजल्यावर राहता यावं म्हणून मी आणि भाऊ मिळून घेत होतो. बँकेचा माणूस व्हॅल्युएशन करून गेला तेव्हा भाऊ म्हणाला, झाली की तपासणी, आता परत कशाला खर्च. मलाही तेव्हा पटलं होतं. पण ते व्हॅल्युएशन बँकेसाठी असतं हो, उद्या कर्ज थकलं तर घर विकून पैसे निघतील का एवढंच त्यांना बघायचं असतं, स्लॅबमधली सळई गंजलीय का हे बघायला तो माणूस आलेलाच नसतो.

मग मी तीन-चार ठिकाणी कोटेशन मागवलं आणि सगळ्यात स्वस्त होतं ते घेतलं. तो माणूस वीस मिनिटांत घर फिरून, मोबाइलवर फोटो काढून गेला आणि दोन पानांचा रिपोर्ट आला, त्यात "एकंदर स्थिती समाधानकारक". खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की छत, वायरिंग, पाइप आणि फर्निचरमागच्या भिंती तपासलेल्या नाहीत. म्हणजे ज्याच्यासाठी पैसे दिले तेच सगळं वगळलेलं! तरी मी सोडून दिलं असतं, पण बाबांनी एक गोष्ट हेरली होती, पूर्ण घराचा रंग उडालेला आणि माजघरातली एकच भिंत ताजी रंगवलेली.

दुसऱ्या ठिकाणी एक सिव्हिल इंजिनिअर मॅडम आहेत. त्यांनी फोनवर लगेच आकडा सांगितलाच नाही, आधी पंधरा मिनिटं प्रश्न विचारले, क्षेत्रफळ किती, बांधकाम कधीचं, भार भिंतींवर आहे का कॉलम-बीमवर, नंतर एखादी खोली वाढवलीय का, गच्चीवर जाता येतं का. वाढवलेल्या खोलीचं का विचारताय म्हणलं तर म्हणाल्या, जुना पाया बसलेला असतो आणि नवा नंतर बसतो, त्यामुळे दोन्हीच्या सांध्यावर तडे येतात, तिथे वेळ जास्त जातो. मग कोटेशन आलं ते फोड करून: पाहणी, ओल मोजणं, काँक्रीटची चाचणी, रिपोर्ट, आणि वायरिंग, ड्रेनेज लाइनमध्ये कॅमेरा घालणं हे वेगळं, हवं तर घ्या. आम्ही वायरिंग घेतलं, ड्रेनेजचं घेतलं नाही.

त्या दिवशी त्या चार तास घरात होत्या. ताज्या रंगाच्या भिंतीवर दोन पिनांचं ओल मोजायचं मीटर खालपासून वरपर्यंत वीतवीत अंतरावर टेकवत गेल्या आणि प्रत्येक आकडा लिहून घेतला. मला म्हणाल्या, "ताई, हे मीटर मुळात लाकडासाठीचं, गिलाव्यावर दाखवतं तो खरा टक्का नाही, आकडा कुठे वाढतो तेवढं बघायचं." जमिनीजवळ आकडा कमी आणि छताकडे वाढत गेलेला, म्हणजे ओल खालून चढत नव्हती, वरच्या बाथरूममधून उतरत होती. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला तडा मला फार भीतीदायक वाटत होता, तो पट्टी लावून मोजला तर २ मिमी भरला आणि आत जुना रंग शिरलेला दिसला, म्हणजे तो मागच्या रंगकामाच्या आधीचा, ताजा नाही.

खरी गोष्ट निघाली बाथरूमखालच्या छतात. छोट्या हातोडीनं ठोकत जाताना एका जागी खणखणीत आवाज बंद होऊन पोकळ, बद्द आवाज यायला लागला. घरमालकांची परवानगी घेऊन तिथलं काँक्रीट थोडं फोडलं, धूळ झटकली आणि फिनॉल्फथॅलिन नावाचं रसायन फवारलं. चांगलं काँक्रीट यानं गडद गुलाबी होतं. इथे फक्त आतला भाग गुलाबी झाला, बाहेरचा सळईपर्यंतचा थर तसाच राखाडी राहिला. काँक्रीटचा पीएच, म्हणजे ते किती अल्कधर्मी आहे याचा आकडा, मुळात १२ च्या वर असतो म्हणून आतली सळई गंजत नाही, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं तो ९ च्या आसपास उतरला की ते संरक्षण जातं, त्यात वरून पाणी झिरपत असेल तर गंज धरतोच, आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून प्लास्टर फुगून सुटतं. आई खाली उभी राहून बघत होती, तिचा पलंग त्याच छताखाली येणार होता. मला अजून ते आठवलं की पोटात गोळा येतो.

वायरिंगमध्ये दोन पॉइंटना अर्थिंगच नव्हतं, त्यातला एक गिझरचा.

रिपोर्ट फोटोंसकट आला, कुठलं काम लगेच, कुठलं वर्षभरात आणि कुठलं नुसतं लक्ष ठेवायचं असं लिहून. तो घरमालकांसमोर ठेवला, ते आधी चिडले, मग त्यांनीच त्यांचा माणूस आणून बघितलं आणि किंमत कमी केली, जेवढी कमी झाली त्यात ही फी कितीतरी वेळा निघाली असती. अर्धा स्टार कापलाय तो रिपोर्टला पाच दिवस म्हणून नऊ दिवस लावल्याबद्दल, टोकनची, म्हणजे घर धरून ठेवायला दिलेल्या आगाऊ रकमेची, मुदत संपत आली होती आणि आमची झोप उडाली होती.

कुणी बोलावणार असाल तर त्या दिवशी घरात वीज आणि पाणी चालू ठेवायला सांगा आणि कपाटं भिंतीपासून सरकवून घ्या, नाहीतर तेवढ्यासाठी परत व्हिजिट लागते आणि तिचे पैसे वेगळे. आता स्लॅबचं काम चाललंय. सळया साफ करून झाल्यावर, वरून नवीन थर मारायच्या आधी, मॅडम एकदा येऊन बघून गेल्या. त्या व्हिजिटची फी कोटेशनमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती, तेवढीच घेतली.