टेन्शिओमीटर: ठिबकावर सात महिने वापरल्यानंतर

ठिबकावरच्या टोमॅटोत सात महिने दोन टेन्शिओमीटर (जमीन किती कोरडी झाली ते दाखवणारी उपकरणं) उभे आहेत, एक 30 सेंमी खोल आणि दुसरा 60 सेंमी. उपकरण साधं आहे आणि कामाचंही आहे. पण बसवताना हयगय झाली तर काटा रोज खोटं बोलतो, आणि ते लवकर लक्षातही येत नाही.

रचना एवढीच: पाण्याने भरलेली नळी, खालच्या टोकाला सच्छिद्र सिरॅमिकचा कप, वर 0 ते 100 सेंटीबारचं (सेंटीबार हे ओढ मोजायचं एकक) काट्याचं घड्याळ. माती सुकली की ती कपातून पाणी ओढते, नळीत निर्वात तयार होतो आणि काटा वर चढतो. म्हणजे मुळांना पाणी किती जोराने ओढावं लागतंय ते कळतं. घड्याळावरचा 30 म्हणजे 30 टक्के ओल असं समजणारे खूप भेटतात. तसं नाही, आकडा जितका मोठा तितकी जमीन कोरडी.

बसवण्याआधी कप 24 तास पाण्यात भिजवायचा. नळीत भरायचं पाणी उकळून गार केलेलंच हवं. साध्या पाण्यात विरघळलेली हवा निर्वातात बुडबुडे होऊन बाहेर येते, दोन-तीन दिवसांत नळीच्या वरच्या भागात हवा साठते आणि काटा सुस्तावतो. भरल्यावर हातपंपाने हवा खेचायची, नळीला टिचक्या मारून बुडबुडे वर आणायचे, पुन्हा काठोकाठ भरून बूच लावायचं.

आता एक पायरी, जी जवळजवळ सगळे वगळतात. कप बादलीतल्या पाण्यात जेमतेम बुडवून नळी उभी धरा आणि काटा स्थिरावला की आकडा लिहून ठेवा. घड्याळ वर आणि कप खाली असल्यामुळे मधल्या पाण्याच्या उंचीचं ओझं घड्याळावर येतं, दर 10 सेंमीला साधारण 1 सेंटीबार. काही घड्याळं ही वजावट धरूनच येतात, म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा बादली बरी. आमच्या लांब नळीचा आकडा 8 निघाला.

या 8 चं महत्त्व पुढे कळलं. सुरुवातीला एक दिवसाआड 90 मिनिटं पाणी चालू होतं. ताशी 4 लिटरच्या ड्रिपरमधून प्रत्येक वेळी 6 लिटर. वरचा मीटर 12 ते 30 मध्ये खालीवर व्हायचा, सगळं ठीक वाटायचं. खालचा मात्र 8 ते 10 वर गोठलेला. 8 वजा केले तर उरतं जवळजवळ शून्य, म्हणजे 60 सेंमीवर माती पाण्याने तुडुंब. पाणी मुळांच्या खाली निसटत होतं आणि ठिबकातून सोडलेलं नत्रही त्याच्या मागोमाग. वेळ 60 मिनिटांवर आणल्यावर खालचा काटा हळूहळू 20 च्या आसपास आला आणि झाडं सुकली नाहीत. वरचा मीटर पाणी कधी द्यायचं ते सांगतो, किती द्यायचं ते खालचा. एकच घ्यायचा असेल तर हे अर्धं काम हातचं जातं.

पाणी सुरू करायचे ढोबळ आकडे: रेताड जमिनीत 15 ते 25, पोयट्यात 30 ते 40, भारी काळीत 50 ते 60. पीक आणि वाढीची अवस्था पाहून ते मागेपुढे होतात. दहाच्या खाली बराच वेळ राहिला तर वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती) नाही, मुळं गुदमरतात. नोंद रोज पहाटेच घ्या. रात्रभरात ओल स्थिरावलेली असते. दुपारी तापलेली नळी भलतंच दाखवते.

जागा: ड्रिपरपासून 10 ते 15 सेंमी, लॅटरलच्या (ड्रिपर बसवलेल्या ठिबक नळीच्या) मधल्या भागात, आणि तो ड्रिपर बंद तर नाही ना हे आधी पाहून. भोक नळीच्याच जाडीच्या गिरमिटाने पाडा, त्याच मातीची पातळ राबडी भोकात ओता आणि मग नळी खाली दाबा. कपाभोवती पोकळी राहिली की काटा शून्याजवळच लोळत राहतो, माती कितीही सुको.

काळ्या जमिनीत याच पोकळीचा त्रास जास्त. भेगा पडल्या की मातीचा कपाशी संबंध तुटतो, आणि 80–85 च्या पुढे कपातून हवा शिरून काटा धाडकन खाली येतो. त्याला ओल आली समजून पाणी थांबवलं तर पीक हातचं जाईल. शिवाय भारी जमिनीत 80 च्या पलीकडेही पिकाला घेता येईल असं बरंच पाणी शिल्लक असतं. ते या मीटरला दिसत नाही. पाण्याचा मुद्दाम ताण देणाऱ्या बागेसाठी किंवा कोरडवाहूसाठी हे उपकरण नव्हे. खारवट जमिनीतही सावध राहा, कारण क्षारांची ओढ त्याला कळत नाही: काटा 20 वर असताना झाड मान टाकू शकतं.

देखभाल आठवड्याला पाच मिनिटांची. पातळी पाहून उकळलेलं पाणी भरायचं, बुचाखालचं रबर तडकलंय का ते बघायचं. नळीला पांढरं कापड गुंडाळलं तर ऊन आणि शेवाळ दोन्हींपासून सुटका. खुरपणीत धक्का बसू नये म्हणून शेजारी उंच काठी रोवा.

हंगाम संपल्यावर आधी तिथे पाणी सोडून माती मऊ करा आणि नळी धरून उपसा, घड्याळ धरून नव्हे. कप नुसत्या पाण्याने धुवा, साबण नको, तेलकट हातही नकोत. छिद्रं बुजली असतील तर बारीक पॉलिश पेपरचा हलका हात पुरतो.