टिळकवाडीचा अभिनयवर्ग: ओम पुरींना समोर ठेवून दिलेले शिक्षण

बेळगावात टिळकवाडीत रविवारी सकाळी भरणाऱ्या अभिनयवर्गाबद्दल आपल्या भागातील पालक आणि हौशी कलावंत वारंवार चौकशी करतात, म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर लिहीत आहे. माझी भाची या वर्गाला जाते आणि पालकांना मागे बसून ऐकण्याची मुभा असल्यामुळे शिकवणे मी जवळून पाहिले आहे. यंदाचा सगळा अभ्यासक्रम ओम पुरी या एकाच नटाभोवती गुंफलेला आहे. एका पंजाबी माणसाला मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजी चित्रपटांत पाय रोवता आले ते स्वभावातील कोणत्या गुणांच्या बळावर, हा प्रश्न शिक्षकांनी पहिल्या दिवसापासून लावून धरला आहे.

नटाची ही निवडच मला सर्वांत मोलाची वाटली. परदेशी चित्रपटात काम मिळवायचे तर देखणा चेहरा, अस्खलित इंग्रजी आणि मुंबईत ओळखी हव्यात, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे, आणि खानापूर किंवा निपाणीकडून आलेले मूल तिथेच खचते. ओम पुरींजवळ यांपैकी काहीच नव्हते. १९५० साली अंबाल्यात जन्म, लहानपणी चहाच्या दुकानात काम, रेल्वेरुळांलगतचा कोळसा वेचणे, पंजाबी माध्यमातील शिक्षण, चेहऱ्यावर देवीचे व्रण आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्यावर इंग्रजीपुढे वाटलेला संकोच, अशी ती सुरुवात होती. तिथून ते पुण्याच्या चित्रपट संस्थेत आले आणि १९७६ च्या ‘घाशीराम कोतवाल’ या मराठी चित्रपटात मोहन आगाशे यांच्या नाना फडणवीसांसमोर घाशीराम म्हणून उभे राहिले. घाशीराम हा कनोजहून आलेला, पुण्यात परका ठरलेला माणूस; त्या भूमिकेसाठी मराठी न बोलणाऱ्या घरातील नट घेण्यात मला मोठे औचित्य दिसते. शिक्षक मात्र या चित्रपटावरून फारच घाईने पुढे गेले.

‘आक्रोश’ (१९८०) या चित्रपटाचा तास हा या वर्गाचा कळस म्हणावा लागेल. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटात काहीच बोलत नाही आणि वकील त्याला पुनःपुन्हा विचारत राहतो. तो प्रसंग दाखवून झाल्यावर शिक्षकांनी मुलांना जोडीजोडीने समोरासमोर बसवले: एकाने विचारायचे, दुसऱ्याने गप्प राहायचे. खानापूर तालुक्यातील एक मुलगा पुढे आला. गावच्या जत्रेतील नाटकांत त्याने कामे केलेली होती आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची सवय त्याच्या अंगात मुरली होती, त्यामुळे आवाज काढून घेताच त्याने सगळा अभिनय चेहऱ्यावर आणला. जबडा आवळला, भुवया जवळ आल्या, मान खाली गेली. शिक्षकांनी त्याला काहीही सुचवले नाही. त्यांनी प्रश्न विचारणाऱ्या मुलीला तोच प्रश्न कन्नडमध्ये विचारायला सांगितले. मुलाला कन्नड येते, पण कान द्यावा लागतो. प्रश्न नीट कळेपर्यंतचा तो क्षण त्याच्या डोळ्यांत सरळ दिसला, जबडा आपोआप सैल पडला, आणि मागे बसलेल्या आम्हा पालकांमध्येही कुणी हलले नाही. अनेक भाषांत काम करणाऱ्या नटाचा पहिला गुण म्हणजे समोरच्याचे मनापासून ऐकणे, हे मुलांना एरवी व्याख्यान देऊन पटवणे कठीण गेले असते. घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात हिंदी ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांजवळ हा कान तयारच आहे, आणि या शिक्षकांनी तो ओळखला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

दुसरा तास ‘ईस्ट इज ईस्ट’ (१९९९) वर झाला. इंग्लंडमधील सॅल्फर्ड येथे मासे आणि तळलेल्या बटाट्यांचे दुकान चालवणारा जॉर्ज खान हा पाकिस्तानी बाप ओम पुरींनी केला आणि त्यासाठी ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्काराच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या यादीत त्यांना नामांकन मिळाले. जॉर्जचे इंग्रजी तुटक आहे, व्याकरणाला न जुमानणारे आहे, पण ते त्या माणसाचेच आहे. बायकामुलांवर हात उचलणारा हा माणूस प्रेक्षकांना आवडावा म्हणून ओम पुरी कुठेही धडपडत नाहीत. आपण चांगले दिसावे ही ओढ बाजूला ठेवता येणे हा त्यांचा दुसरा मोठा गुण, आणि माझ्या मते परदेशी दिग्दर्शकांना त्यांच्यावर विश्वास टाकावासा वाटला तो याच कारणाने. त्याच १९९९ साली ते शिवराजकुमार यांच्या ‘एके ४७’ या कन्नड चित्रपटातही होते, ही गोष्ट कळताच कन्नड माध्यमातील मुलांचे चेहरे उजळले. ‘गांधी’ (१९८२) मधील काही मिनिटांची भूमिका, ‘सिटी ऑफ जॉय’ (१९९२) मधील कोलकात्याचा रिक्षावाला, ‘चार्ली विल्सन्स वॉर’ (२००७) मधील झिया उल हक, या सगळ्यांचा आढावा एकाच तासात उरकला. त्यांतील ‘गांधी’मध्ये उपोषणाला बसलेल्या गांधीजींपुढे भाकरी टाकणारा माणूस तरी निवांतपणे दाखवायला हवा होता, कारण छोट्या कामात जीव ओतण्याची चिकाटी त्याहून स्पष्ट कुठे दिसणार?

शेवटचे तास मला खटकले. इंग्रजी उच्चारांच्या चित्रफिती लावून मुलांकडून वाक्ये घोकून घेण्यात आली, म्हणजे आधी जे शिकवले त्याच्या नेमके उलट. एका मुलाने संवादात सहज ‘काय करूलालास?’ म्हटले, तेव्हा पाहुण्या शिक्षकांनी त्याला पुणेरी वळणाचे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावले. प्रमाण मराठी शिकवलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु बेळगावी बोली हे नटाच्या हातचे साधन आहे, ते काढून घेणे म्हणजे त्याचे नुकसान करणे आहे. दुसरी उणीव अशी की वाचनासाठी कन्नड उतारा एकही दिला गेला नाही. बेळगावात जन्मलेल्या आणि मराठी, हिंदी, कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम अशा भाषांतून काम केलेल्या अतुल कुलकर्णी यांचा उल्लेखही ओझरता झाला, त्यांना एक स्वतंत्र तास सहज देता आला असता. ध्वनिक्षेपकाचा आवाज मागे नीट पोहोचत नाही, तेव्हा मुलांनी पुढे बसावे.

शुल्क मध्यमवर्गीय घराला झेपेल असे आहे आणि ते दोन हप्त्यांत भरता येते. मुलींवर लक्ष ठेवायला एक शिक्षिका पूर्णवेळ हजर असतात. नाटकाची आवड असलेल्या, आठवीच्या पुढच्या मुलांना मी हा वर्ग नि:शंकपणे सुचवेन. केवळ इंग्रजी सुधारावे म्हणून पाठवणाऱ्यांनी दुसरा वर्ग पाहावा. नाव घालताना उच्चारांच्या तासांऐवजी कन्नड उताऱ्यांचा तास मागावा, मी तशी लेखी विनंती दिली आहे आणि आणखी पालकांनी दिली तर पुढच्या सत्रात तो सुरू करू, असे संचालकांनी मला सांगितले आहे.