आठ महिने, चोवीस कार्डं आणि एक मिलिमीटर: पेपर ट्रिमर वापरून झाल्यावर

परवा नाशिकहून लिफाफा परत आला. आत माझंच ‘पाऊस’ विषयावरचं कार्ड आणि त्याला डकवलेली पिवळी चिठ्ठी: ‘छान झालंय, पण कप्प्यात बसत नाही. वर ६४ मिमी आहे, खाली ६६ भरतंय. जबरदस्ती केली तर लोकर सुटेल.’ हाताने केलेल्या छोट्या कार्डांची आमची टपालाने चालणारी अदलाबदल सांभाळणाऱ्या ताई शाळेतून निवृत्त झाल्यात, पण पट्टी अजून हातातून सुटलेली नाही.

हा ट्रिमर मी पाडव्याला घेतला आणि पंधरा दिवसांत चार तारे देऊन मोकळी झाले. ते तारे मागे घ्यायला हे लिहितेय. यंत्र बहुतेकांनी पाहिलेलं असेल: ए-फोर, सरकणारी पाती, वर कागद टेकवायची प्लॅस्टिकची कड. १४५० रुपये मोजले. कंपनीचं नाव घेत नाही. हाच निळा सांगाडा मला तीन वेगवेगळ्या नावांनी विकायला दिसलाय.

एका मिलिमीटरसाठी एवढा थयथयाट का, तर आमच्या खेळात तेवढा एकच नियम आहे. झुरिकच्या वान्ची स्टिर्नेमानने १९९७ मध्ये हाताने केलेल्या १२०० छोट्या कार्डांचं प्रदर्शन मांडलं आणि शेवटी लोकांना सांगितलं की तुम्हीही करून आणा आणि माझ्याशी बदलून घ्या. तिथून ही आर्टिस्ट ट्रेडिंग कार्डं जगभर गेली. रंगवा, शिवा, चिकटवा, काहीही करा. माप मात्र अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६४ बाय ८९ मिमी. आणि विकायचं नाही, बदलायचं. (विकणाऱ्यांनी त्याला एसीईओ असं वेगळं नाव दिलंय, त्यांचं त्यांना लखलाभ.) माप हेच, कारण खेळाडूंच्या कार्डांसाठी मिळणाऱ्या नऊ कप्प्यांच्या प्लॅस्टिकच्या पानात ती बसतात. माझी पानं भाच्याच्या पोकेमॉनच्या अल्बममधून आली आहेत. तो आता मोठा झाला, अल्बम मला मिळाला, फुकट.

आमच्याकडे दर महिन्याला प्रत्येकाने तीन कार्डं ताईंना पाठवायची, सोबत स्वतःचा पत्ता आणि तिकीट लावलेला लिफाफा. त्या पत्ते पिसल्यासारखी पिसून दुसऱ्यांची तीन परत पाठवतात. आठ महिन्यांत चोवीस गेली, चोवीस आली. माझी आता तीन पानं भरत आलीत.

कच्चा माल म्हणजे लग्नपत्रिका. विकतचा ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा) जाड कागद मला परवडत नाही असं नाही, पण घरात दर मोसमात पंचवीस-तीस पत्रिका येत असताना कागद विकत घेणं जिवावर येतं. गुळगुळीत पत्रिकेवर गोंद धरत नाही, त्यासाठी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा. फक्त गणपती कापायचा नाही, हा सासूबाईंचा दंडक. त्यामुळे प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती आधी कात्रीने सोडवून वेगळा ठेवायचा. काजूकतलीचा एक डबा आता गणपतींनी गच्च भरलाय. सोनेरी, लाल, एका ओळीत काढलेले, पिंपळपानावरचे. टाकता येत नाहीत आणि बदलायलाही धीर होत नाही.

तर कापणं. ए-फोर कागदातून नऊ कार्डं निघतात आणि कडेच्या १८ आणि ३० मिमीच्या पट्ट्या उरतात (त्याही मी ठेवते). पहिले तीन महिने मी खूश होते. ८० जीएसएमचा कागद लोण्यासारखा, पत्रिका दोन हातात, पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला जाड कागद तीन हातात. कापड कापू नका, जरीचा काठ तर मुळीच नको. धागे पातीत गुंततात. ते कात्रीचं काम.

शंका आली तेव्हा मी एका कार्डाचे दोन्ही कर्ण मोजले होते. दोन्ही तंतोतंत सारखे. म्हटलं, काटकोन बरोबर आहे. नववीची भूमिती अशी दगा देते. समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण सारखेच असतात, आणि मी नेमके तेच चौकोन कापत होते.

ताईंची चिठ्ठी आल्यावर खरी तपासणी केली. कोरा कागद वरच्या कडेला टेकवून मधोमध कापायचा. एक तुकडा पालथा घालायचा, दोघांच्या वरच्या कडा एका रेषेत आणायच्या आणि कापलेल्या बाजू एकमेकींना भिडवायच्या. खाली फट पडली तर फटीच्या निम्मी यंत्राची चूक. कार्डाच्या उंचीला, म्हणजे ८९ मिमीला, माझी फट आली २ मिमी. म्हणजे कड काटकोनात नाही, दर कापाला पाती एक मिमी बाहेर जाते.

ग्राहक सेवेला फोन लावला. चार वेळा. व्हिडिओ मागितला, पाठवला. तो ‘खूप जड’ झाला, पुन्हा पाठवला. चौथ्या फोनला एका मुलीने विचारलं, “मॅडम, तुम्ही ह्यात कापता काय?”

“पत्रिका.”

“कसली?”

“लग्नाची.”

पलीकडे शांतता. मग कुणाला तरी विचारून आली. “मॅडम, लग्नाची पत्रिका वॉरंटीत बसत नाही. साधा कागद हवा.”

मी म्हटलं, अगं, साध्या कागदावरही तेवढंच तिरकं जातंय, व्हिडिओत कोरा कागदच आहे. तर म्हणे, नोंद केली आहे. आठवड्याने कुरिअरने आली ती नवी पाती. पाती मी मागितलीच नव्हती! कडेचं काय, तर उत्तर नाही. त्या संध्याकाळी मी इथे एक तारा देणार होते, मजकूरही लिहून ठेवला होता, त्यात ‘लुटारू’ हा शब्द दोनदा होता.

तो मजकूर खोडला. दोन कारणं. एक म्हणजे ती नवी पाती. जुनी इतकी बोथट झाली होती हे मला कळलंच नव्हतं. हातकागद, जो तीन हातात कापायचा, तो एका हातात गेला आणि कडेला जराही भुसा नाही. दुसरं कारण लाजिरवाणं आहे. पत्रिकेवर दोन्ही बाजूंना छपाई असते, कुठलं अक्षर कुठे तुटतंय ते बघायला मी दोन कापांच्या मधे कागद पालथा करायचे. कागद पालथा केला नाही तर दोन्ही काप एकाच दिशेला झुकतात; कार्ड किंचित कलतं, पण वरखाली ६४ च राहतं आणि कप्प्यात जातं. पालथा केला की दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात आणि ६६ होतात. म्हणजे एक मिमी कंपनीचा, दुसरा माझा. सहज पुढे जाऊन सांगते, हातकागदाची नैसर्गिक कड वाकडीतिकडी असते, ती तशीच यंत्राच्या कडेला टेकवली तर कुठलाही ट्रिमर तिरकाच कापणार. आधी स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन एक बाजू सरळ करून घ्या.

हो, साठ रुपयांची पट्टी आणि कटर हे सगळं काटकोनात करतात. मग १४५० कशाला, असं आमच्या घरात विचारून झालंय. पट्टी घसरून डाव्या अंगठ्याचं नख अर्धं गेलं होतं, त्यासाठी. नऊ कार्डांना डझनभर काप लागतात. नखं दहाच आहेत.

पावसाळ्यात कार्डं पापडासारखी वळतात, त्याचा ट्रिमरशी संबंध नाही. गोंदाच्या पाण्याने पुढचा कागद फुगतो आणि वाळताना आखडतो. मागेही तसाच कागद चिकटवा आणि रात्रभर पाट्याखाली ठेवा.

आता कडेवरचा उपाय. पातीपासून ६४ मिमीवर, कडेच्या आतल्या बाजूला, पत्रिकेच्या दोन पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. माझ्या पत्रिकेची जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आहे, दोन पदरांत काम झालं. तुमची पातळ असेल तर तीन घ्या. पालथं घालून पुन्हा तपासलं, फट नाही. ‘पाऊस’ नव्याने केलं, तेही ६४ बाय ८९, आणि पाच रुपयांच्या तिकिटावर नाशिकला रवाना झालं.

तीन तारे. चौथा कंपनीने कडेसाठी कुणाला पाठवलं तर देईन. तोवर तिथे ती पट्टी आहे. घाईत कापताना बघितलं नव्हतं, ती नेमकी पत्रिकेच्या तळातली निघाली. कागद टेकवायला गेलं की दर वेळी समोर गुलाबी अक्षरं येतात, अर्धी कापलेली: ‘...काकाच्या लग्नाला यायचं हं!’