सेकंड पीयू (बारावी) बायोलॉजी ट्युशन, टिळकवाडी: इव्होल्यूशन (उत्क्रांती) मनापासून शिकवतात

मी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातला, एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी मीडियम आणि पीयूला एकदम सगळं इंग्लिश, त्यामुळे ट्युशन लावल्याशिवाय गत नव्हती. बेळगावात दोन ठिकाणी शिकून झालं. पहिल्याचं नाव घेत नाही. दुसरी टिळकवाडीतल्या मॅडमची, हा रिव्ह्यू तिचा.

पहिल्या ठिकाणी इव्होल्यूशनचा चॅप्टर अर्ध्या तासात उरकला. सर म्हणाले, डार्विनची एक थिअरी, देवाने सगळं घडवलं ही दुसरी थिअरी, तुम्हाला पटेल ती माना, पेपरात मात्र डार्विन लिहा. पोरं हसली, वह्या मिटल्या. मला ते फार लागलं. आमच्या घरात माळ आहे, आजी आषाढीला पंढरपूरला जाते, देवावर माझीपण श्रद्धा आहे, पण सायन्सच्या तासाला पुरावा मागायचा नाही तर मग कुठे मागायचा?

मॅडमनी त्याच चॅप्टरला सात तास दिले. स्पेशल क्रिएशन, म्हणजे देवाने सगळं घडवलं ही कल्पना, एनसीईआरटीच्या पुस्तकातच आहे, त्यातले तीन मुद्दे त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले: सगळे जीव आज दिसतात तसेच निर्माण झाले, त्यांची विविधता तेव्हापासून तेवढीच आहे आणि तेवढीच राहणार, आणि पृथ्वी साधारण 4000 वर्षांची. मग एकेक मुद्दा घेऊन विचारलं, हे खरं असेल तर काय दिसायला पाहिजे, आणि दिसतंय काय? पृथ्वीचं वय सुमारे 450 कोटी वर्षं निघतं म्हटल्यावर तिसरा तिथेच पडला. पहिल्या दोघांना जीवाश्म आडवे आले. कुणाच्या देवाबद्दल एक वाकडा शब्द नाही, फक्त तपासायचं कसं ते शिकवलं.

दुसऱ्या दिवशी पिशवीतून बटाटा आणि रताळं काढलं. रताळं आमच्याच शेतात असतंय, जन्मापासून बघतोय, पण बटाट्याला डोळे असतात म्हणजे ते खोड, आणि रताळं मूळ, हे हातात घेऊन त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. काम एकच, अन्न साठवायचं, अवयव वेगळे, म्हणजे अ‍ॅनालॉगस. आणि त्याच्या उलट भीमगडाच्या गुहेतल्या वटवाघळाचा पंख आणि आपला हात, काम वेगळं पण हाडांची मांडणी तीच, ते होमोलॉगस. दोन वर्षं मी हे दोन शब्द उलटसुलट करत होतो, आता झोपेत विचारा.

आणि कोबीवरची अळी. बाबा दरवर्षी म्हणतात, "औषधातच भेसळ असंल बघ, अळी मरत न्हाई." मॅडमनी विचारलं, फवारल्यावर ज्या चार अळ्या वाचल्या, पुढची पिढी कुणाची? वर्गात मिनिटभर कुणी बोललं नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, मग एकच औषध सारखं मारायचं नाही की. जे तगतात त्यांचीच पिढी पुढे वाढते, ही नैसर्गिक निवड त्यांना माझ्याआधी समजली!

माझा मावसभाऊ निपाणीत सीबीएसईला दहावीत आहे, त्याच्या पुस्तकात आता फक्त हेरेडिटी (आनुवंशिकता) आहे, इव्होल्यूशन काढलं. 2023 मध्ये हे झालं तेव्हा 1800 हून जास्त वैज्ञानिक आणि शिक्षकांनी विरोधाचं पत्र काढलं होतं. दहावीनंतर सायन्स न घेणाऱ्या पोराला हे कधीच कळणार नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. अमेरिकेत डोव्हर गावच्या शाळांची केस झाली होती, 2005 मध्ये कोर्टाने सांगितलं की इंटेलिजंट डिझाइन, म्हणजे जीव कुणीतरी बुद्धीने आखून घडवले हे म्हणणं, हे सायन्स नव्हे, म्हणून सायन्सच्या वर्गात नको. मॅडमनी हेपण सांगितलं, पेपरात येणार नाही हे माहीत असून.

कमी काय तर खोली लहान, पस्तीस पोरं दाटीवाटीने बसतो. एमसीक्यूची प्रॅक्टिस कमी पडते, मेडिकलच्या नीट परीक्षेवाल्यांनी वेगळी सोय बघावी. जीवाश्मांचं वय कसं काढतात ते घाईत झालं, अजून एक तास पाहिजे होता. बॅच सकाळी पावणेसातला, खानापूरकडून येणाऱ्यांना पहिली बस धरावी लागते. नोट्स इंग्लिशमध्ये, पण अडलं की मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत समजावतात, मराठी मीडियमवाल्याला ह्याची किंमत विचारा.

पाचपैकी साडेचार. दोन दिवस फुकट बसू देतात, मॅडमना विचारून इव्होल्यूशन चालू असताना जाऊन बसा.