पदवीनंतरचं वर्ष: एमपीएससी की अप्रेंटिसशिप?

कळव्याची माझी भाची बीकॉम झाली आणि विचारत होती, "मावशी, अभ्यासिकेत बसू की अप्रेंटिसशिप करू?"

आधी पैसा. 2019च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिसला महिना किमान 9000 रुपये विद्यावेतन ठरवलं. ठाणे–वाशी लोकलचा पास आणि डबा त्यात भागतो, घरखर्च नाही. अभ्यासिकेत उलट फी, पुस्तकं, टेस्ट सिरीज. ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशिक्षण संस्था आहे, खासगी क्लासआधी तिथे चौकशी करावीच.

खरा फरक वेळेचा. अप्रेंटिसशिप साधारण वर्षभरात संपते, हाती प्रमाणपत्र येतं. कायम नोकरीची हमी मात्र नसते, आणि काही ठिकाणी नुसत्या फायली लावायला बसवतात. म्हणून काम काय शिकवणार, हे सही करण्याआधी विचारा. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेत पूर्व, मुख्य, मुलाखत असे तीन टप्पे. एक फेरी वर्षात उरकेलच असं नाही, आणि मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक, म्हणजे रोज लिहिण्याचा सराव हवा. मुलं इथेच थकतात, ते बघून जीव तुटतो.

घरचा आधार असेल, दोन-तीन वर्षं तग धरता येत असेल आणि प्रशासनाचीच ओढ असेल, तर अभ्यासिका. घरी हातभार लावायचा असेल किंवा दिशाच ठरली नसेल, तर अप्रेंटिसशिप. भाचीला मी अप्रेंटिसशिपच सुचवली.