कानाचं मशीन की स्टेपीजचं ऑपरेशन?

पायलटला ओटोस्क्लेरोसिस झाला, तर यांतलं काय निवडावं? या आजारात कानातलं स्टेपीज हे जेमतेम तीन मिलिमीटरचं हाड आखडतं आणि ऐकू कमी येतं. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांत क्लास १ मेडिकलला (व्यावसायिक पायलटच्या वैद्यकीय तपासणीला) ५००, १००० आणि २००० हर्ट्‌झवर ३५ डेसिबलपेक्षा, ३००० वर ५० पेक्षा जास्त ऐकण्यातली घट एकाही कानात चालत नाही. मात्र कॉकपिटसारख्या गोंगाटात बोलणं नीट कळलं तर सूट मिळू शकते.

ऑपरेशनमध्ये स्टेपीजच्या जागी बारीक पिस्टन बसवतात. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) बहुधा झकास सुधारतो. पण पिस्टन थेट आतल्या कानाच्या दाराशी. हवेचा दाब बदलताना तिथून द्रव झिरपला तर गरगरतं, आणि तेही ऐन लँडिंगला! म्हणून तोल पक्का होईपर्यंत उड्डाण बंद. क्वचित तो कान कायमचा जातो.

मशीनला चिरफाड नाही. हेडसेटखाली शिट्टी वाजते, ही कटकट आहेच. नुसता हेडसेटचा आवाज वाढवून भागत असेल, तर मी तरी ऑपरेशनची घाई करणार नाही.